पीपीटीसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते

पत्र

सर, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एड. कॉलेजात विज्ञान पद्धती शिकवते. एम.एस्सी. फिजिक्सची, वय ५१, नोकरी २४ वर्षं. खडू हातात असला की मला कशाची भीती नाही, पण प्रोजेक्टर लावायची वेळ आली की हात कापतात. मागच्या महिन्यात केबल जोडली तरी पडद्यावर काही येईना. दहा मिनिटं गेली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून आला, कुठलीशी दोन बटणं दाबली आणि चित्र आलं. वर्ग हसला. वाईट हसला नाही, पण हसला. माझ्या पीपीटी आमच्याकडे तासिका तत्त्वावर असलेली एक मुलगी करून देते. स्मार्ट बोर्डावर धूळ बसू नये म्हणून टेबलक्लॉथ घालून ठेवलाय, तो नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून श्रेणी देणारी, समिती आली की काढतो. त्यात आता मुलं पाठ टाचणं (पाठाचे लेखी आराखडे) चॅटजीपीटीवरून आणतात. परवा तीन मुलींची टाचणं शब्दाला शब्द सारखी निघाली. आणि यंदा आयसीटीचा, म्हणजे माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचा, पेपर माझ्याकडे द्यायचं प्राचार्यांच्या मनात आहे. एम.एस.-सी.आय.टी. झालंय, ऑनलाइन कोर्सची सात सर्टिफिकेटं फाइलला आहेत, तरी येत काहीच नाही. पेपर नाकारू का? की स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळी होऊ?

— एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम,

टेबलक्लॉथचं वाचून हसलो आणि लगेच गप्प झालो. मी होतो त्या कॉलेजात प्रोजेक्टर कपाटात, कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे आणि प्राचार्य कायम विद्यापीठात, अशी चार वर्षं गेली. ती चार वर्षं मी मजेत होतो, कारण न वापरण्याला सबब होती. किल्ली माझ्या हातात आली त्या दिवशी पोटात गोळा आला. तेव्हा तुमचे हात कापतात याचं मला नवल नाही.

आधी दोन प्रश्नांची उत्तरं. स्वेच्छानिवृत्ती नको. पेपर घ्या.

त्या मुलानं दाबलेली बटणं म्हणजे बहुतेक विंडोजची कळ आणि पी. दोन्ही एकत्र दाबली की चार पर्याय येतात, त्यातला ‘डुप्लिकेट’ निवडला की लॅपटॉपवर दिसतं तेच भिंतीवर दिसतं. गॅसचा रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरतो हे माहीत नसलं तर स्वयंपाक अडतो, पण म्हणून कुणी ‘हिला स्वयंपाक येत नाही’ म्हणत नाही. हे त्यातलंच आहे. याच जातीच्या आणखी दोनचार गोष्टी आहेत. पेन ड्राइव्हवरून फाइल उघडणं, फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला देणं, आणि मराठी युनिकोडात लिहिणं. शेवटचं फार महत्त्वाचं. जुन्या फॉन्टात टाइप केलेली पीपीटी दुसऱ्या मशीनवर उघडली की ‘गुरुत्वाकर्षण’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची भेळ दिसते, आणि दोष आपल्याला लागतो. फोनच्या कीबोर्डावरचा माइक दाबून मराठीत बोला, तो युनिकोडातच लिहितो. ‘त्वरण’चं भलतंच काही करील, तेवढं हातानं दुरुस्त करा. बाकीच्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठी आवाजातले, फुकट. धडा ऐकायचा, थांबवायचा, आपल्या मशीनवर करून बघायचं. हे सगळं एका दिवाळीच्या सुट्टीत बसतं, फराळ सांभाळूनसुद्धा.

आता तुमच्या सात सर्टिफिकेटांकडे येतो. तुम्हाला वाटतं, एवढं करूनही येत नाही म्हणजे खोट माझ्यात आहे. त्या सातांपैकी एकात तरी धाराविद्युत होती का? पेशी, प्रकाश, आम्ल-आम्लारी काही होतं का? फॉन्ट ठळक करणं, तक्ता घालणं, फॉर्म तयार करणं, शेवटी दहा गुणांची चाचणी. विज्ञानाचा मास्तर आणि बँकेतला कारकून यांना एकच कोर्स दिला तर दोघांपैकी एकाचा वेळ वाया जाणार. तो आपला गेला.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: विषय येणं आणि शिकवता येणं यांच्या मध्ये तिसरं एक ज्ञान असतं. हा विशिष्ट भाग शिकताना पोरं कुठं अडखळतात, तिथं कुठलं उदाहरण कामी येतं, हे ते ज्ञान. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्याला तंत्रज्ञानाची जोड दिली आणि म्हटलं की तंत्र सुटं शिकून उपयोग नाही, ते विषयात आणि शिकवण्यात मुरलं पाहिजे. २४ वर्षं सराव पाठांच्या, म्हणजे तुमची मुलं शाळेत जाऊन शिकवतात त्या तासांच्या, मागच्या बाकावर बसून तुम्ही ते तिसरं ज्ञान कमावलंय. ज्या मुलानं बटणं दाबली त्याच्याकडे ते नाही, यायला त्याला अजून पंधरा वर्षं लागतील.

नुसती यंत्रं वाटून काय होतं ते पेरू देशानं बघितलंय. तिथं शाळांना लाखो लॅपटॉप दिले, आणि २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं अभ्यास केला तेव्हा मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. याउलट केनियानं १९९८ पासून जपानच्या मदतीनं विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना हाती घेतलं. त्यांच्या सूत्रात कृती, विद्यार्थी आणि प्रयोग यांच्या बरोबरीनं चौथा शब्द होता ‘इम्प्रोव्हायझेशन’, म्हणजे आपल्या भाषेत जुगाड. हा चौथा शब्द पुढं कामाला येईल.

एक उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

नववीच्या ‘धाराविद्युत’वर पाठ घेणाऱ्या तुमच्या बी.एस्सी. झालेल्या छात्राध्यापकांना विचारा: एक सेल, दोन बल्ब एकसर जोडणीत. पहिल्या बल्बातून जेवढी धारा गेली तेवढीच दुसऱ्यातून जाते का? माझ्या वर्गात दर वर्षी निम्मे हात ‘थोडी कमी’ला वर व्हायचे. ‘पहिल्यानं वापरली ना सर.’ ओहमचा नियम तोंडपाठ, गणितं बरोबर, आणि डोक्यात मात्र धारा म्हणजे रॉकेल, जळत जाणारं. तुम्हालाही हे नवीन नाही. तुम्ही फळ्यावर समजावता, ते मान डोलावतात, आणि पुढच्या महिन्यात सराव पाठात पोरांना तेच रॉकेल शिकवून येतात.

इथं साधन लागतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे, २००२ साली सुरू झालेला. सुरू करणारे कार्ल वीमन, ज्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेल मिळाल्यावर माणूस शाळकरी पोरांच्या सर्किटांकडे वळतो हे मला फार आवडतं, पण ते असो. त्यांची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, बरीच मराठीतही आहेत, आणि एकेक सिम्युलेशन एका फाइलीत उतरवून घेता येतं. घरी रेंज असताना पेन ड्राइव्हवर घ्या, कॉलेजात इंटरनेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडतं. फोनवरही चालतं. त्यातल्या सर्किट जोडणीच्या खेळात सेल ओढायचा, तार ओढायची, बल्ब लावायचे. इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके तारेतून फिरताना दिसतात. पहिल्या बल्बाच्या आधी एक आणि दुसऱ्याच्या नंतर एक अमीटर लावा. आकडा एकच. रॉकेल संपलं.

पण इथं थांबलात तर पीपीटी दाखवल्यासारखंच झालं. पुढची पायरी तुमची आहे, ती संगणकाच्या मास्तराला सुचणार नाही. इथं केनियाचा तो चौथा शब्द, जुगाड: टेबलावर खरा सेल आणि टॉर्चचे दोन बल्ब घ्या. समांतर जोडा. पुस्तकाप्रमाणं दुसरा बल्ब लावला तरी पहिल्याचा उजेड तेवढाच राहायला हवा. प्रत्यक्षात दुसरा लावला की पहिला जरा मंदावतो. वर्गात कुजबुज सुरू होते. आता तीच जोडणी सिम्युलेशनमध्ये करा. तिथं मंदावत नाही! मग खोटं कोण, पुस्तक, पडदा की टेबल?

या प्रश्नावर वर्ग पाच मिनिटं भांडू द्या. त्यांना उत्तर देऊ नका. कुणीतरी सेलकडं बोट दाखवील. सिम्युलेशनमधला सेल आदर्श आहे, त्याला अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच धारेला होणारा अडथळा, शून्य दिलेला आहे. टेबलावरच्या सेलला तो रोध असतोच. सिम्युलेशनच्या प्रगत पर्यायांत अंतर्गत रोध वाढवायची पट्टी आहे. एखाद्या मुलीला पुढं बोलवा आणि सांगा, टेबलावरच्याइतका बल्ब मंद होईपर्यंत पट्टी सरकव. ती पट्टी सरकवते आणि पडद्यावरचा बल्ब मंदावतो, त्या क्षणी ‘अंतर्गत रोध’ हा शब्द व्याख्येतून बाहेर येऊन सेलमध्ये जाऊन बसतो. माऊस तिच्या हातात होता, तरी पाठ तुमचा झाला.

जाता जाता ते निळे ठिपके किती भराभर पळतात याकडंही बोट दाखवा. तांब्याच्या नेहमीच्या जोडतारेत टॉर्चएवढी धारा असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी मिलिमीटरभरसुद्धा सरकत नाहीत, त्याचा अगदी छोटा अंश सरकतात. ठिपके दिसावेत म्हणून पळवलेले आहेत. हे न सांगितलं तर एक गैरसमज काढून दुसरा घातल्यासारखं होईल. सिम्युलेशन करणाऱ्यानं जे घातलं तेच ते दाखवतं, आणि काय घातलं नाही हे ओळखायला फिजिक्स लागतं. ते तुमच्याकडे आहे.

आता आयसीटीच्या पेपराकडे बघा. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं तेव्हा एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदेच्या, आराखड्यात या पेपराचं नाव ठेवलं गेलं ‘क्रिटिकल अंडरस्टँडिंग ऑफ आयसीटी’. यातला ‘क्रिटिकल’ कुणी वाचतच नाही. बहुतेक ठिकाणी त्याची होते ती एक स्पायरल बाइंडिंगची फाइल: ईमेल खातं कसं उघडावं, स्क्रीनशॉट पाच, आभार. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची सॉफ्ट कॉपी असते, फक्त नाव बदलायचं. मी अशा किती फाइलींवर सही केली ते विचारू नका. पण त्या नावाप्रमाणं पेपर शिकवायचा तर वर जो ठिपक्यांचा प्रश्न विचारला तोच पेपर आहे. या साधनात खरं काय, सोयीपुरतं काय, आणि सुटलं काय. हे विचारणारा माणूस कॉलेजात तुमच्याशिवाय दुसरा कोण आहे?

युनेस्कोनं शिक्षकांसाठी आयसीटी क्षमतांचा आराखडा केलाय, २०१८ ची त्याची तिसरी आवृत्ती. १८ क्षमता, तीन पायऱ्या. वाचाच एकदा. बटणांच्या रांगेत तुम्ही पहिल्या पायरीवर असाल, पण अभ्यासक्रम आणि अध्यापन या रांगांत स्वतःला खाली उभं करू नका. आपल्याकडच्या शिक्षकांना, विशेषतः बायकांना, ही सवय फार आहे.

दुसरा प्रयोग थोडक्यात देतो, कारण त्यात प्रोजेक्टर लागतच नाही. जर्मनीत आखेनच्या विद्यापीठानं ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट अॅप केलंय, फोनमधल्या सेन्सरांवर चालणारं. त्यात आवाजावर सुरू-बंद होणारं घड्याळ आहे. दोन मुलांचे फोन पाच मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळ एकानं टाळी वाजवायची: पहिलं घड्याळ लगेच सुरू, दुसरं आवाज पोचल्यावर. मग दुसऱ्या फोनजवळ टाळी: दुसरं लगेच बंद, पहिलं उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ, सेकंदाचे सुमारे २९ सहस्रांश. भागाकार पोरं करतात.

पहिल्यांदा केला तेव्हा माझा फजितवाडा झाला. पंख्याच्या घरघरीनं घड्याळ आपोआप सुरू व्हायचं. पंखे बंद केले तर बाहेरून बुलेट गेली. मग आवाजाची मर्यादा वाढवायची जागा एका मुलानं शोधून दिली आणि आम्ही गच्चीवर गेलो. आकडे ३३३, ३५७, एकदा तर ४१०. सरासरी काढली तर साडेतीनशेच्या पुढं. एक मुलगी म्हणाली, पुस्तकात तर ३४३ आहे. पुस्तकातला आकडा २० अंशांचा, आणि आमची गच्ची एप्रिलातली, ३५ अंशांची. त्या तापमानाला वेग ३५२ च्या आसपास जातो. त्यात मापनाची चूक किती आणि ऊन किती, यावर तासभर वाद झाला. मला अॅपमधली निम्मी बटणं आजही माहीत नाहीत.

चॅटजीपीटीच्या टाचणांचं तुम्ही लिहिलंत. चोर-पोलीस खेळू नका, हराल. त्या तीन मुलींना बोलवा, रागावू नका, टाचणाचा प्रिंट आणि लाल पेन हातात द्या. म्हणा, तुमच्या सराव शाळेत जे होऊच शकत नाही त्यावर काट मारा. ‘विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत नेईन’: त्या शाळेत प्रयोगशाळेत पोषण आहाराचे तांदूळ आहेत, काट. ‘गटचर्चा, पाच-पाचचे गट’: वर्गात ७२ पोरं आणि बाक जमिनीला ठोकलेले, काट. शेवटी उरेल तेवढं त्यांचं. मग पाठ झाल्यावर एक पान हातानं लिहायला लावा: कुठल्या पोरानं काय चुकीचं उत्तर दिलं, आणि तुला त्या क्षणी काय सुचलं. हे पान कुठलंही यंत्र लिहून देणार नाही, कारण ते त्या वर्गात नव्हतं. माझं ऐकाल तर टाचणाला गुण कमी आणि या पानाला जास्त ठेवा.

आता एक गोष्ट जरा कडक बोलतो. ती तासिका तत्त्वावरची मुलगी तुमच्या पीपीटी करते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. तिला तासाचे पैसे मिळतात, तेही सहा महिन्यांनी, आणि पीपीटीचा तास वेळापत्रकात नसतो. उद्या नॅकची फाइल तिच्या गळ्यात पडेल, परवा सगळ्या स्टाफचे ऑनलाइन फॉर्म. नाही म्हणायची तिची टाप नाही. तिच्याकडून पीपीटी करून घेणं बंद करा आणि तिला विचारा, आठवड्यातून एक तास मला शिकवशील का? बदल्यात तिच्या सेट-नेटच्या तयारीला किंवा पाठ निरीक्षणाला तुम्ही बसा. तिला वर्गातले खाचखळगे कुणी दाखवलेले नसतात, तुम्हाला बटणं कुणी दाखवलेली नाहीत. देवाणघेवाण बरोबरीची होईल. तुम्हाला लाज वाटते ती विद्यार्थ्यांपुढची. हिच्यापुढं वाटायला हवी होती ती वाटत नव्हती, म्हणून लिहिलं. राग मानू नका.

प्राचार्यांना काय सांगायचं? पेपर घेते, पण दोन अटी. आयसीटीचे तास विज्ञान पद्धतीच्या तासांना जोडून द्या, म्हणजे प्रयोग आणि पडदा एकाच वेळी वापरता येतील. आणि यंदा नवीन डिजिटल पॅनेल घेण्याआधी वायर, बल्ब, सेलहोल्डर, चार स्वस्त मल्टिमीटर आणि एक लांब एक्स्टेंशन बोर्ड घ्या. प्राचार्य ‘बघू’ म्हणतील. एक्स्टेंशन बोर्ड तरी मिळेल.

स्मार्ट बोर्डावरचा टेबलक्लॉथ काढायची घाई नाही. पहिला तास लॅपटॉपवर, दहा मुलांना भोवती उभं करूनही होतो. केबल अडली तर त्याच मागच्या बाकावरच्या मुलाला आधीच पुढं बसवा आणि म्हणा, तू जोड, प्रश्न मी विचारते.

आणि सामान आणताना दोन गोष्टी बघा. टॉर्चचे तारेचे बल्ब हल्ली सहज मिळत नाहीत, इलेक्ट्रिकलच्या एखाद्या जुन्या दुकानात विचारा. एल.ई.डी. आणलेत तर हा खेळ होणार नाही. सेल मात्र नवे नकोत. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळातून किंवा रिमोटमधून काढलेले, अर्धे संपलेले आणा. नव्या सेलवर दुसरा बल्ब लावला तरी पहिला मंदावलेला फारसा कळत नाही, आणि वर्ग भांडत नाही.